बडोदा कॉलेज ते आर्ट्स फॅकल्टी: घुमट आपला, पेपर कुणाचा?

रावपुरा_रिटर्न्स

हल्ली पेपरात पानभर जाहिराती येतात. अमुक लिबरल आर्ट्स युनिव्हर्सिटी, तमुक स्कूल, फिलॉसॉफीसोबत इकॉनॉमिक्स घ्या, वर चवीपुरतं संगीत घ्या, आणि आव असा की हे सगळं काल सकाळच्या विमानानं भारतात उतरलंय. फी बघावी तर तेवढ्यात वाघोडिया रोडला टू बीएचकेचं बुकिंग होऊन जाईल. आपल्या दांडियाबाजार-बाबाजीपुऱ्यातले मराठी आईबापसुद्धा त्या जाहिराती कापून ठेवतात नि पुण्याला फोन लावतात. आणि इथे स्टेशनातून निघून कालाघोड्याकडे येताना जो थोरला घुमट दिसतो (पूर्वीचं बडोदा कॉलेज, आता महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटीची, म्हणजे एमएसयूची, आर्ट्स फॅकल्टी) त्याच्याखाली हेच सगळं १८८१ पासून चालू आहे हे कुणाच्या गावीही नाही. म्हणून हा धागा.

आधी एक गैरसमज काढू. बडोद्यात काहीही जुनं दिसलं की सयाजीरावांनी बांधलं म्हणून आपण मोकळे होतो. बडोदा कॉलेज निघालं १८८१ ला आणि महाराजांच्या हातात कारभार आला तो त्याच वर्षी डिसेंबरच्या २८ तारखेला. तोवर सगळं दिवाण टी. माधवराव बघत होते. हे तंजावरकडचे मराठी, आधी त्रावणकोरचे दिवाण, मग इंदूरचे, आणि १८७५ मधे इंग्रजांनी मल्हाररावांना गादीवरून काढल्यावर विस्कटलेलं संस्थान सावरायला इकडे आलेले. तेव्हा कॉलेजचा घाट घातला तो त्यांच्या अमदानीत. महाराजांनी ते पोसलं, वाढवलं, हे खरंच. पण श्रेय वाटायचं तर नीट वाटा. इमारत चिझमची, म्हणजे मद्रासचं सिनेट हाऊस करणारा तोच रॉबर्ट चिझम, आणि लक्ष्मीविलास पॅलेस मेजर मँट अर्ध्यात वारले तेव्हा पुढे ज्यानं पुरा केला तो पण हाच. घुमटाचं वळण विजापूरच्या गोलघुमटाचं. (हा आशियात दुसरा की तिसरा वगैरे व्हॉट्सॲपवर फिरतं ते इथे आणू नका प्लीज, मागच्या वेळी चांगल्या चाललेल्या धाग्याची त्यातच माती झाली.)

पण मला बोलायचंय ते इमारतीबद्दल नाही. कॉलेज बडोद्याचं, जागा बडोद्याची, मास्तरांचा पगार गायकवाड सरकारच्या खजिन्यातून, आणि पेपर मात्र मुंबईचा. मुंबई युनिव्हर्सिटीशी जोडलेलं कॉलेज होतं ना, त्यामुळे काय शिकवायचं आणि काय विचारायचं ते तिकडे ठरणार. याचा परिणाम काय होतो ते अरविंद घोषांच्या तोंडून ऐका. ते केंब्रिजहून १८९३ ला बडोद्याच्या नोकरीत आले, काही काळ दुसऱ्या खात्यांत काम केल्यावर कॉलेजात फ्रेंच मग इंग्रजी शिकवायला लागले, पुढे व्हाइस प्रिन्सिपॉल झाले, १९०५ मधे काही काळ प्रिन्सिपॉलच्या खुर्चीवर पण बसले आणि १९०६ ला बंगालमधे गेले. पुढे पाँडिचेरीला शिष्यांशी गप्पा मारताना त्यांनी सांगितलेला किस्सा आहे की एकदा रॉबर्ट सदी या इंग्रज लेखकानं लिहिलेलं नेल्सनचं चरित्र शिकवत होते, तर पोरं म्हणाली सर तुम्ही सांगताय ते नोट्सशी जुळत नाही. हे म्हणाले नोट्स मी वाचलेल्याच नाहीत, त्यात बहुतेक कचराच असतो! आणि पुढची गंमत म्हणजे पोरं यांचं लेक्चर शब्दन्‌शब्द उतरवून घ्यायची, शिवाय मुंबईच्या प्रोफेसरांच्या नोट्स पण मागवायची, त्यातला कुणी परीक्षक होणार असेल तर हटकून. एकशेवीस-पंचवीस वर्षांत काय बदललं सांगा. झेरॉक्स आलं आणि पीडीएफ आली, एवढंच.

ह्याच माणसानं १८९९ च्या कॉलेज गॅदरिंगमधे भाषण केलं, विषय ऑक्सफर्ड-केंब्रिज. मुद्दा साधारण असा की तिथे माणूस घडतो तो तासाला बसून कमी आणि तिथल्या एकत्र राहण्यात, वादविवादात, खेळात जास्त. समोर बसलेली पोरं मुंबईच्या पेपरच्या धास्तीत. कॉलेजच्या दोन बाजू मला त्या एका गॅदरिंगमधे दिसतात.

सुटका कधी झाली? ३० एप्रिल १९४९ ला. त्या दिवशी महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटी अस्तित्वात आली आणि दुसऱ्या दिवशी १ मे ला बडोदं संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. संस्थानाच्या शेवटच्या दिवशी, कळतंय का, अगदी शेवटच्या दिवशी कॉलेजला आपला पेपर आपण काढायचा हक्क मिळाला. प्रतापसिंहरावांना बाकी कुणी काही म्हणो, हे एक काम त्यांनी वेळेत उरकलं. त्याआधीचं बडोदा कॉलेज चांगलं होतं, पण त्याला स्वतःचा स्वभाव म्हणावा असा आला तो ४९ नंतर, हे माझं म्हणणं. या, आता तुटून पडा.

मांडवीची_मंदा

तुटून कशाला पडू, छान लिहिलंयस रे. पण ४९ आधी स्वभाव नव्हता हे मला पटत नाही. अरे ज्या कॉलेजातून विनोबा पळाले त्याला स्वभाव नाही कसा?

त्यांचे वडील इथे बडोद्यात नोकरीला, घर इथेच, हायस्कूल इथलं आणि मग बडोदा कॉलेज. वडिलांचा आग्रह म्हणून फ्रेंच घेतलं. तासाला मन रमायचं नाही आणि सगळा वेळ सेंट्रल लायब्ररीत. तिथला एक किस्सा त्यांनीच सांगून ठेवलाय. उन्हाळ्यात उकडतं म्हणून सदरा काढून वाचत बसायचे, लायब्ररीतल्या माणसानं हटकलं की हे सभ्यपणाला सोडून आहे, प्रकरण वरच्या साहेबापर्यंत गेलं. साहेब खुर्चीत आणि हे समोर उभे. तर ह्यांनी त्यालाच विचारलं की आलेल्या माणसाला उभं ठेवणं तुमच्या सभ्यपणात बसतं का? साहेबानं मुकाट खुर्ची दिली म्हणे. मग १९१६ च्या मार्चमधे इंटरच्या परीक्षेला मुंबईच्या गाडीत बसले, आणि सुरतेला उतरून सरळ काशीला. सर्टिफिकिटं त्याआधीच घरी चुलीत घातली होती, आई बघत होती.

तू म्हणतोस तो "मुंबईचा पेपर" द्यायलाच चालले होते बघ ते! म्हणजे तुझ्याच मुद्द्याला पुरावा दिला मी, असो.

अवांतर: मांडवीला आत्ता जी लायब्ररी आहे ती इमारत विनोबांच्या नंतरची. ज्यांनी बघितली नाही त्यांनी एकदा तरी जा. पुस्तकांच्या मजल्यांना जाड काचेची जमीन आहे, खालच्या रॅकपर्यंत उजेड उतरावा म्हणून. वरच्या मजल्यावरून कुणी गेलं की डोक्यावर चपलांची सावली सरकते. मी कॉलेजात असताना पहिल्यांदा गेले तेव्हा पुस्तक सोडून वरच बघत बसले होते, मैत्रीण म्हणाली अगं चल आता, बंद व्हायची वेळ झाली.

कोरडा_हिशोब

वाचतोय. भावना पोचल्या. पण जरा दुसरी बाजू.

हे सगळं लिबरल-बिबरल ठीक आहे, पण सप्टेंबर १९१७ आठवा. कोलंबियाला शिकून आलेला माणूस, ज्याला याच गायकवाड सरकारनं शिष्यवृत्ती दिली होती, महिना साडेअकरा पौंड, तो करारानुसार नोकरी करायला बडोद्यात आला आणि त्याला राहायला गावात एक खोली मिळाली नाही. पारशाच्या मुक्कामी नाव लपवून राहिला, तिथून लाठ्या घेऊन आलेल्या घोळक्यानं हुसकलं. हिंदू मित्रानं नाही म्हटलं, ख्रिस्ती मित्रानं गोड बोलून टाळलं. मग मुंबईच्या गाडीची वाट बघत डॉ. आंबेडकर बसले कुठे तर कमाटीबागेत. तुमच्या घुमटापासून कमाटीबाग किती लांब? चालत जा, पानाचा विडा संपायच्या आत पोचता. तेव्हा कॉलेजात फिलॉसॉफी शिकवत होते, लॉजिक शिकवत होते, त्या प्रोफेसरांपैकी कुणी दार उघडलं असं कुठे वाचनात नाही.

तर कॉलेजचा स्वभाव म्हणताना हे पण धरा. राजा पुढारलेला होता, गाव नव्हतं, आणि कॉलेज गावाचंच होतं.

रावपुरा_रिटर्न्स

@कोरडा_हिशोब भाऊ, याला माझ्याकडे उत्तर नाही आणि द्यायचं पण नाही. हे धरायलाच हवं. फक्त एक जोडतो. घटना समितीत मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर, त्याच मसुदा समितीत कन्हैयालाल मुन्शी, आणि सभागृहात हंसा मेहता. यातले मुन्शी आणि हंसाबेन दोघंही बडोदा कॉलेजचे विद्यार्थी. मुन्शी तर अरविंदबाबूंच्या हाताखालचे. म्हणजे एकाला बडोद्याचा पैसा मिळाला आणि घर नाही मिळालं, दोघांना सगळं मिळालं, आणि तिघं एका सभागृहात बसले. काय निष्कर्ष काढायचा तो ज्यानं त्यानं काढावा.

होळकरी_ठसका

भिया इंदूरवाले बी आलो हं धाग्यावर. 😀 माधवराव दिवाण आमच्याकडून गेले हे वाचून कॉलर टाईट. आमच्याकडे होळकर कॉलेज १८९१ चं, ग्वाल्हेरला व्हिक्टोरिया कॉलेज, अटलजी तिथले. संस्थानी गावांचा हा पॅटर्नच दिसतोय, राजवाडा, कॉलेज, गाणं आणि नमकीन. फरक एवढाच की आमच्या दोन्ही कॉलेजांना कधी स्वतःची युनिव्हर्सिटी होता आलं नाही, तुमचं झालं. त्यामुळे रावपुरावाल्यांचा मुद्दा बाहेरून बघणाऱ्याला तरी बरोबर वाटतो.

आणि तुमच्या फाइन आर्ट्सचे बेंद्रे पण मूळ इंदूरचेच बरं का, ना. श्री. बेंद्रे. सगळं आम्हीच पुरवलंय तुम्हाला, भाकरवडी सोडून.

मांडवीची_मंदा

हो रे बाबा, बेंद्रे तुमचे. पण १९५० ला फाइन आर्ट्स फॅकल्टी निघाली तेव्हा इंदुरात थांबले नाहीत ना, इथे आले. 😄

पोळीतला_पुरातत्त्व

रावपुरा यांच्या मूळ मुद्द्यावर (४९ नंतरचा स्वभाव) थोडं तपशिलात लिहितो कारण हा माझ्या आवडीचा भाग आहे, लांबेल, सांभाळून घ्या.

पहिल्या व्हाइस चॅन्सेलर हंसा मेहता. भारतात मुलामुलींच्या एकत्र युनिव्हर्सिटीची पहिली बाई व्हीसी. त्यांचे वडील मनुभाई आधी याच कॉलेजात प्रोफेसर आणि पुढे संस्थानचे दिवाण, म्हणजे घरात कॉलेज आणि दरबार दोन्ही. स्वतः १९१८ ला फिलॉसॉफी घेऊन इथून ग्रॅज्युएट. नागर ब्राह्मणाच्या मुलीनं वैश्य डॉक्टरशी, जीवराज मेहतांशी, लग्न केलं तेव्हा जातीत केवढा गहजब झाला आणि महाराज पाठीशी उभे राहिले. १५ ऑगस्टच्या मध्यरात्री देशातल्या बायकांच्या वतीनं घटना समितीला तिरंगा दिला तो यांनीच. अशी बाई १९४९ ते ५८ खुर्चीत. नवी युनिव्हर्सिटी, हातात कोरी पाटी, वर मुंबई नाही.

आता त्या वर्षांत काय झालं बघा. एम. एन. श्रीनिवास ऑक्सफर्डहून १९५१ ला इथे सोशिऑलॉजीचे प्रोफेसर म्हणून आले, डिपार्टमेंट त्यांनी शून्यातून उभं केलं आणि ५९ ला दिल्लीला गेले. आज टीव्हीवर ज्या व्होट बँकेशिवाय चर्चेचं पान हलत नाही ती कल्पना त्यांच्या १९५५ च्या लेखातली, म्हणजे ते बडोद्यात असतानाची. त्यांचं काम म्हैसूरकडच्या गावावर, पण मास्तर इथले. त्यांचा आग्रह काय, तर पुस्तकातली चातुर्वर्ण्याची शिडी बाजूला ठेवा आणि गावात जाऊन राहा, कोण कुणाच्या हातचं पाणी पितं ते डोळ्यांनी बघा. पोथीनिष्ठ गावात असं शिकवणं म्हणजे... कळलं ना. गुजराती विभागात सुरेश जोशी. त्यांनी गुजराती कथेचा तोंडवळाच बदलला, आपल्याकडे नवकथेवरून जेवढी भांडणं झाली तेवढीच तिकडे यांच्यावरून झाली.

आणि आर्किऑलॉजी, जी इथे आर्ट्स फॅकल्टीतच आहे. सुब्बाराव आणि मग र. ना. मेहता. शामळाजीजवळ देवनी मोरी म्हणून जागा, मेश्वो नदीवर धरण येणार, सगळं पाण्याखाली जाणार हे नक्की. १९६० ते ६३ मेहता आणि चौधरी यांनी तिथे खणलं. बौद्ध स्तूप निघाला, विटांचा, त्यावर पक्क्या मातीच्या बुद्धमूर्ती आणि आत दगडी करंडक, त्यावर संस्कृत लेख की हे दशबलाच्या, म्हणजे बुद्धाच्या, अस्थींचं स्थान. स्तूप आज धरणाच्या पाण्याखाली आहे. करंडक डिपार्टमेंटनं सांभाळला. जाहिरातीतल्या त्या नव्या युनिव्हर्सिट्यांना म्हणावं, असली प्रॉपर्टी आहे का तुमच्याकडे!

हे कुठल्या एका महापुरुषानं केलं असं नाही. डिपार्टमेंटं लहान होती, माणसं बाहेरून आली होती, बंगाली, कन्नड, मराठी, गुजराती, आणि सगळी एकाच आवारात. फाइन आर्ट्सचा शिल्पकार संध्याकाळी आर्किऑलॉजीवाल्याबरोबर चहा प्यायचा, दोघं मिळून म्युझिक कॉलेजचा कार्यक्रम ऐकायला सुरसागरावर. अंतरंच तेवढी. नव्या कॅम्पसांत हायवेवर पन्नास एकरांत हे जमत नाही, तिथे संध्याकाळी बस सुटते.

कोरडा_हिशोब

+१ पुरातत्त्व, मस्त प्रतिसाद. एक दुरुस्ती नाही पण पुरवणी. म्युझिक कॉलेज ४९ नंतरचं नव्हे, मौलाबक्षांनी गायनशाळा काढली १८८६ ला. म्हणजे संगीताला मुंबईच्या पेपरची गरज पडली नाही कधी. कलाभवन, म्हणजे तंत्रशिक्षणाची शाळा, १८९० चं, ते काढणारे त्रि. क. गज्जर कॉलेजातच केमिस्ट्रीचे प्रोफेसर होते, आणि फाळके तिथे शिकले ते पुढे सिनेमावाले दादासाहेब. तर कॉलेजच्या भोवती ज्या संस्था महाराजांनी मोकळ्या सोडल्या होत्या त्या आधीच वाढत होत्या. कॉलेज तेवढं मुंबईला बांधलेलं. हा रावपुरांच्या बाजूचा मुद्दा झाला, बघा मी किती निष्पक्ष आहे.

एसवाय_चालूए

नमस्कार, मी आत्ता इथेच आहे, एसवाय बीए, सोशिऑलॉजी. धागा आईनं पाठवला (आई मूळ धाग्यावर आहे पण सांगणार नाही कोण 😜).

तुम्ही सगळे इतिहासाबद्दल बोलताय, मला आजचं सांगू दे. पहिली गोष्ट, बीए करते म्हटलं की नातेवाईकांचा पहिला प्रश्न, बारावीला कमी पडले का गं? दुसरा, मग यूपीएससी का? तिसरा पर्याय त्यांच्या डोक्यात नाहीच. इथे आत बसलेल्या निम्म्या मुली त्या दोन प्रश्नांची उत्तरं देऊन आलेल्या असतात.

दुसरं म्हणजे भाषा. शिकवणं इंग्रजीत, घरी मराठी, रिक्षात गुजराती, आणि ग्रुपमधे एक दाहोदची, एक बिहारची, एक केरळची, म्हणून गेटबाहेर सेवउसळ खाताना भांडण हिंदीत. माझी आजी म्हणते तुझं मराठी पातळ झालंय, त्यात "ने" घुसलाय. अगं आजी तुझ्यात पण आहे ने! पण खरं सांगू, जातीवरचा तास असला की वर्गात जे होतं ते कुठल्या जाहिरातीत लिहिता येणार नाही. सरांनी विचारलं घरी वेगळा कप कुणाच्या घरी ठेवतात, खरं सांगा. पहिल्यांदा कुणीच हात वर केला नाही. मग एका मुलीनं केला, म्हणाली आमच्याकडे ठेवतात. मग मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, आणि आम्हाला त्या कपात देतात. नंतर बराच वेळ कुणी वहीत काही लिहिलं नाही.

मला वाटतं लाखांची फी असली तर ते दोघं एका वर्गात आलेच नसते. तो मुलगा रोज डभोईहून अपडाऊन करतो.

मांडवीची_मंदा

बाळ, किती छान लिहिलंस. मराठी अजिबात पातळ नाहीये. आजीला सांग.

कोरडा_हिशोब

@एसवाय_चालूए हा धाग्यातला सर्वात चांगला प्रतिसाद. मी वर कमाटीबागेचं लिहिलं त्याला उत्तर म्हणा किंवा पुरावा म्हणा, दोन्ही यात आहे.

अलकापुरी_एनआरआय

मला एक विचारायचंय, सगळं गोडगोड चाललंय म्हणून. २००७ चं काय? फाइन आर्ट्सच्या परीक्षेच्या डिस्प्लेवरून बाहेरची माणसं आत शिरली, विद्यार्थ्याला अटक झाली, मुलांनी निषेधाचं प्रदर्शन लावलं आणि ते बंद करायला नकार दिला म्हणून डीनला सस्पेंड केलं. परीक्षेचं काम होतं ते, पब्लिक शो पण नव्हता. तिथे कुठे गेला होता तुमचा स्वभाव?

रावपुरा_रिटर्न्स

प्रश्न रास्त आहे. स्वभाव दिसला तो डीनच्या नकारात आणि पोरांच्या प्रदर्शनात, असं मी म्हणेन. खुर्चीवरची माणसं कॉलेज म्हणून मोजायची की आतली, यावर उत्तर बदलतं. माझ्या मते आतली. पण ज्याचं करिअर त्यात अडकलं त्याला हे सांगायला मी जाणार नाही.

आणि याच ओघात आणखी एक कटू गोष्ट, जी वर कुणी काढली नाही. १९४९ चा जो बडोद्याचा स्वतःचा कायदा होता, ज्याच्यावर माझा सगळा डोलारा उभा आहे, तो आता राहिला नाही. २०२३ ला गुजरात पब्लिक युनिव्हर्सिटीज ॲक्ट आला, राज्यातल्या अकरा सरकारी युनिव्हर्सिट्यांना एकच कायदा, त्यात एमएसयू पण. सिनेट-सिंडिकेट गेल्या, बोर्ड ऑफ मॅनेजमेंट आलं. पुढच्याच वर्षीपासून ॲडमिशन पण राज्याच्या कॉमन पोर्टलवरून. काहींना हे बरं वाटतं, सिनेटच्या निवडणुकांत जे राजकारण चालायचं ते बघितलेला कुणी फार रडणार नाही. पण आपले नियम आपण करायचे हा जो ७४ वर्षांचा प्रकार होता तो गेला. ऑडिटला सोपं झालं असेल. नवीन विषय सुरू करावा, बाहेरून एखादा श्रीनिवास आणून बसवावा, हे सोपं झालं की अवघड ते पाच-दहा वर्षांनी दिसेल, मला तरी अवघडच वाटतं.

पोळीतला_पुरातत्त्व

सहमत, आणि एक असहमत. श्रीनिवासांना आणलं ते कायद्यानं नाही, हंसाबेननी. कायदा तोच होता पुढे पण, मग नंतरच्या वर्षांत तसं रोज का नाही झालं? माणूस लागतो हो.

होळकरी_ठसका

माणूस पण लागतो आणि माणसाला हात मोकळे पण लागतात. आमच्याकडे माणसं होती. 🙂

अलकापुरी_एनआरआय

बरं विषय थोडा बदलतो. मराठीचं काय आहे तिथे? तीन साहित्य संमेलनं जुन्या काळी बडोद्यात झाली ना, १९०९, २१ आणि ३४, आणि मग थेट २०१८. मधली चौऱ्याऐंशी वर्षं आपण काय फक्त श्रीखंड खात होतो?

मांडवीची_मंदा

😂 श्रीखंड खात होतो आणि गुजराती माध्यमात पोरं घालत होतो, खरं ते हेच.

आर्ट्स फॅकल्टीत मराठी विभाग आहे आणि गुजरातेत बसून मराठीत एमए करता येतं ही गोष्ट साधी नाही. पण मुलं येणार कुठून? मराठी शाळा एकेक करून मिटल्या. घरात बोलतो, देवनागरी व्हॉट्सॲपपुरती. आता मराठी घेणाऱ्यांत बरेचदा महाराष्ट्राच्या सीमेकडून आलेली मुलं असतात, आपल्या पोळांतली कमी. विभागानं काय करावं त्यात?

बडोद्याच्या मराठीबद्दल बोलायचंच तर माधव जुलियन घ्या. जन्म इथला, बीए बडोदा कॉलेजातून, विषय फारसी. हो, मराठी कवीनं बडोद्यात बसून फारसी केलं आणि त्यातून मराठीत गझल आणली, फारसी-मराठी कोश केला १९२५ ला. आणि नंतर हेच गृहस्थ भाषाशुद्धीचे कट्टर, मराठीतून फारसी काढा म्हणणारे. आधी पूर्ण शिकून मग काढा म्हणणारा माणूस मला तरी दुसरा माहीत नाही.

कोरडा_हिशोब

माधव जुलियन इथले हे माहीत नव्हतं, धन्यवाद मंदाताई. गायकवाडांच्या दरबारात तेव्हा कारभाराची मोडी, कचेरीची गुजराती, साहेबाची इंग्रजी, गायकवाड ओरिएंटल सिरीज या ग्रंथमालेचं संस्कृत (पहिलं पुस्तक राजशेखराची काव्यमीमांसा, १९१६), त्यामुळे फारसी घेणं काही जगावेगळं नसावं. आज घेईल का कुणी? मिळते तरी का?

एसवाय_चालूए

मिळते ना. पर्शियन, अरेबिक आणि उर्दू मिळून एक डिपार्टमेंट आहे आमच्याकडे. माझी एक मैत्रीण उर्दू करतेय, तिला गझल लिहायची आहे. तिला माधव जुलियन सांगते उद्या, लायब्ररीत कोश सापडला तर फोटो टाकते इथे.